वाटसरूने ठेवायचं नाव

रेगेन्सबर्गला पीएचडी करत होते तेव्हा खालच्या मजल्यावर एक अल्बानियन कुटुंब राहायचं. मुलगा मोटारींच्या कारखान्यात, सून बेकरीत, आणि मुलाची आई दिवसभर एकटी घरात. तिला मी मनातल्या मनात आजी म्हणायचे. तिचं जर्मन माझ्याहून मोडकं, त्यामुळे आमचं छान जमायचं.

तिच्या डोंगरातल्या गावाच्या नावाचा अर्थ लांडग्याचं गाव. तिकडे लांडगे फार होते का, असं विचारल्यावर ती पोट धरून हसली. म्हणे, लांडगा हा माणूस! फार पूर्वी एका बाईची मुलं जगत नव्हती. चेटकीण खाते, असं लोक म्हणायचे. शेवटचं बाळ घेऊन ती तिठ्यावर उभी राहिली. पहिला वाटसरू आला तो मेंढपाळ. त्याने बाळाला हात लावून मोठ्याने नाव ठेवलं, लांडगा. लांडग्याला कोण खाणार? पोर जगलं आणि अख्खं गाव त्याच्याच वंशाचं झालं. तेव्हापासून तिकडे मूल जगेनासं झालं की परक्यानेच हे नाव ठेवायचं. आमच्याकडे अशा पोरांना दगडू, धोंडू म्हणतात, असं मी सांगितलं. तिला ते फार पटलं.

सुनेची दोन बाळं आधीच गेली होती. तिसरा मुलगा फार लवकर जन्मला आणि हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होता. जिन्यात आजीने माझा हात धरला. "तू परकी आहेस. चल."

मी पेशींवर संशोधन करणारी बाई, असल्या गोष्टींची मला मनस्वी चीड. पण तिच्या तोंडावर नाही म्हणवेना. वॉर्डाच्या दारातच आजीच्या मुलाने आम्हाला अडवलं. "आई, इथे डॉक्टर आहेत. तुझं गाव नाही हे." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही तरी समजवा ना हिला."

त्याचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून मी समजावलं. आजी ट्रामसारख्या त्या लांब कॉरिडॉरमध्ये बसून राहिली. मला स्वतःचा रागच आला.

त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी बेल वाजली. दारात आजीचा मुलगा, कारखान्याच्या कपड्यांतच. "आई म्हणत होती ते... तुम्ही येता का? आत सोडतील आता. मी विचारलंय." त्या 'आता'चा अर्थ मला लगेच कळला. आतापर्यंत तिथे आईबापांखेरीज कोणालाच सोडत नव्हते. कुठेतरी पळून जावंसं वाटलं. मी चप्पल घातली.

पेटीच्या भोकातून हात आत घातला. माझ्या करंगळीपुढे त्याचा अख्खा पंजा लहान होता. आजीने शिकवला होता तसा, लांडग्यासाठीचा त्यांच्या भाषेतला शब्द मी मोठ्याने उच्चारला. नर्सने वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. सून रडत होती. बाळाचा बाप मात्र माझ्याच तोंडाकडे बघत होता, मला काही जास्त ठाऊक असल्यासारखा.

बाहेर आजीने विचारलं, "हलला?"

"हो," मी म्हटलं.

बाळ संध्याकाळी गेलं. त्यांच्यात नाव ठेवणारा कायमचा घरचा होतो. दफनानंतर आजीने मला हाताला धरून घरच्या बायकांमध्ये, स्वतःशेजारी बसवलं. प्रत्येक येणारी बाई आधी तिचा आणि मग माझा हात हातात घेत होती, आणि मला तिथून उठता येत नव्हतं.