मोतीबिंदू पिकायची वाट

"गुरुजी, हा मोतीबिंदू नाही. ग्लॉकोमा आहे," नागपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ग्लॉकोमा म्हणजे काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस, म्हणजे ऑप्टिक नर्व्ह, हळूहळू सुकत जाते. दुखत नाही, खुपत नाही. माझ्या डाव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेली होती. उजव्याची कडेकडेनं कमी होत चालली होती.

"गेलेली परत कधी येईल?" मी विचारलं.

"ती येत नाही. आहे तेवढी टिकवायची. इतके दिवस काय करून राहिले होते?"

मोतीबिंदू पिकायची वाट बघत होतो. आमच्या आसगावात सगळेच बघतात. दाराची चौकट खांद्याला लागायची, बाजूनं सायकल गेली तर दिसायची नाही. तरी मी चष्म्याचा नंबर बदलून आणायचो आणि म्हणायचो, पिकू दे, मग एकदाच काढू. तीस वर्षं शाळेत पोरांना शहाणपण शिकवणाऱ्या माणसाची ही अक्कल!

पेरिमेट्री नावाची तपासणी असते. वाटीसारख्या पांढऱ्या यंत्रापुढे हनुवटी टेकवून बसायचं, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कडेला उजेड चमकला की बटण दाबायचं. मी बटण धरून बसलो. बराच वेळ काहीच चमकेना. मला वाटलं, यंत्र सुरू झालं नाही. ते सुरूच होतं.

बाहेर बाकावर रिपोर्टची वाट बघताना घाबरलो, तो मात्र दुसऱ्याच गोष्टीनं. घरी कपाटात धम्माचा ग्रंथ आहे, पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेला. त्याच्यापुढे रोज मेणबत्ती लागते, पौर्णिमेला फुलं. मी तो कधी उघडला नव्हता. पावसाळ्यात, वर्षावासाचे तीन महिने, विहारात ग्रंथवाचन चालायचं. सतरंज्या, माईक, खीर सगळं माझ्याकडे. वाचन सुरू झालं की मी बाहेर ओट्यावर गप्पा मारायला मोकळा. पवनीला जुन्या स्तूपांच्या जागेवर शाळेच्या सहली नेल्या आणि तिथं पोरांची हजेरी घेतली, बस्स. म्हणायचो, रिटायर झालो की निवांत पाली शिकीन, अर्थासकट वाचीन. रिटायर झालो, तर म्हणालो, घराचा वरचा मजला होऊ दे. सगळं क्षणाक्षणाला बदलतं, असं बुद्धानं सांगितलं, हे जयंतीच्या भाषणात मीच सांगायचो. टाळ्याही घ्यायचो. आठवलं की स्वतःचा संताप येतो.

मग ट्रॅबेक्युलेक्टॉमी झाली. या ऑपरेशनमध्ये डोळ्यातलं पाणी बाहेर जायला नवी वाट करून देतात. दाब उतरला, नजर होती तेवढीच राहिली. ड्रॉप मात्र जन्मभर.

ड्रॉप माझी बायको कुंदा घालते. ती शाळेत गेली नाही, पण विहारात ऐकून ऐकून सगळ्या पाली गाथा तिला तोंडपाठ आहेत. ड्रॉप घालताना पुटपुटत असते. एकदा मी विचारलं, याचा अर्थ काय?

तिचा हात थांबला. "मले का मालूम? मी तं ऐकूनच पाठ केली. लग्न झालं तवा तुमीच म्हणले होते न, अर्थ मी सांगीन म्हणून. वाट पाहून राहिली होती मी."

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती अगदी साधं बोलली.

हे वाचणाऱ्यांनो, चाळिशी उलटली असेल तर डोळ्यांचा दाब तपासून घ्या. आणि त्याच दिवशी घरातला कपड्यात बांधलेला ग्रंथही उघडून वाचायला घ्या. सवड मिळाली की बघू, म्हणू नका. धम्म म्हणजे म्हातारपणासाठी मुरत ठेवायचं लोणचं नाही.

मी आता रोज सकाळी खिडकीशी बसतो. उरलेल्या नजरेत एका वेळी दोन-तीन शब्द मावतात. ओळीखाली पट्टी धरून मोठ्यानं वाचतो, जमेल तसा अर्थ लावतो. कुंदा समोर बसून ऐकते. काल अर्धं वाक्य झालं आणि पट्टी सरकली.

"पुढं काय लिवलं आहे?" तिनं विचारलं.

मला ओळ सापडेना. पानावर बोट फिरवत मी म्हणालो, "थांब जराशी."

ती तशीच समोर बसून राहिली. थांबायची सवय तिला मीच लावली आहे.