पेन उठलं तिथं कोरं

साळुंखे काका गेल्याची बातमी काकींनीच मला फोन करून दिली, आणि मला ती पहिल्यांदा कळलीच नाही. सकाळचे साडेसात झाले होते. मी मनोरहून पालघरच्या एसटीत होते. काकी म्हणाल्या, "कल्पना, आज सातचं रीडिंग झालं नाही गं." मी ऑफिसातल्या सवयीनं म्हणाले, "राउटरची वायर काढून परत लावा काकी, दोन मिनिटं थांबा." त्या म्हणाल्या, "वायर ठीक आहे बाळा. काका उठलेच नाहीत." या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. एका म्हाताऱ्या माणसानं घरातल्या इंटरनेटचं रीडिंग रोज चार वेळा का घ्यावं, हे लोकांना सांगायचं राहून गेलंय, म्हणून लिहिते आहे.

मी बोईसरला इंटरनेट पुरवणाऱ्या एका लहान कंपनीत काम करते. आमच्या पाड्यावरची मी पहिली ग्रॅज्युएट, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही. बाबा आजही अंगठा लावतात. कंपनीनं मला लाइनींच्या टेस्टचे तक्ते बनवायचं काम दिलं तेव्हा मी जीव ओतला. दर अर्ध्या तासाला प्रत्येक लाइनीची टेस्ट आपोआप व्हायची, आणि माझ्या प्रोग्राममधून ऑफिसच्या आणि ग्राहकांच्या स्क्रीनवर गोल मीटर, फिरणारा काटा, हिरवा-पिवळा-लाल रंग, खाली सरासरी, असं सगळं झळकायचं. मॅनेजरसाहेब खूश. बाबांना मोबाइलवर दाखवलं तर ते म्हणाले, "रांगोळी बरी हाय." मला ते कौतुक वाटलं होतं.

मग एक दिवस काऊंटरवर काका आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन्सिली, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली कागदाची सुरळी. मूळचे साताऱ्याकडचे, तारापूरच्या कारखान्यांत तीस वर्षं इन्स्ट्रुमेंटचं काम करून रिटायर झालेले. म्हणाले, "बाई, तुमचं मीटर खोटं बोलतंय." मी कॉलेजात शिकलेलं सगळं त्यांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सुरळी उलगडली. ग्राफपेपरवर महिनाभराचे ठिपके होते, प्रत्येक हातानं दिलेला. "नात परदेशात असते. मी 'कशी आहेस' विचारतो, ती हसते ते मागच्या गोष्टीला. तुमचा काटा म्हणतो वेग झकास. वेग झकास असंल, पण वेग म्हंजे नळाला पाणी किती. मी विचारतोय, हाक मारल्यावर 'ओ' यायला वेळ किती?" लेटन्सी हा शब्द मी दोन वर्षं वापरत होते. त्याचा अर्थ मला त्या काऊंटरवर कळला.

त्यानंतर मी त्यांच्या घरी जायला लागले, आधी तक्रारीच्या निमित्तानं, मग निमित्ताशिवाय. दोन खोल्यांचं घर, भिंतीला ग्राफपेपर, खाली लाकडी टेबल. काका माझा तक्ता मागायचे आणि भाजी निवडावी तसा निवडायचे. "हा काटा काढ. स्कूटरला ठीक आहे. आत्ता किती ते सांगतो, काल काय झालं ते गिळून बसतो." "ही रेघ चाळीसपासून का सुरू केलीस? शून्य कुठं लपवलंस?" वेग आणि लेटन्सी मी एकाच चौकटीत काढले होते, एकाची पट्टी डावीकडं, दुसऱ्याची उजवीकडं. त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. "एक वर गेला की बरं, दुसरा वर गेला की वाईट. माणसानं हसायचं का रडायचं?" दोन वेगळे कागद केले. एकाच्या कडेला त्यांनी लिहिलं, 'वर म्हणजे बरं', दुसऱ्याच्या कडेला, 'वर म्हणजे वाईट'. आणि शेवटची परीक्षा काकींची. काका तक्ता हातभर अंतरावर धरायचे, काकी पोळी लाटता लाटता मान वर करायच्या. "ह्याला काय मुंग्या लागल्यात?" असं त्या म्हणाल्या की मी गपचूप पुन्हा बसायचं. "संध्याकाळी बिघडतंय वाटतं," असं म्हणाल्या की पास.

पण ज्यासाठी मी त्यांच्यापुढं कायमची वाकले ती गोष्ट वेगळी. कारखान्यात तापमानाच्या नोंदीला गोल कागद असायचा. तो घड्याळासारखा फिरायचा आणि शाईचं पेन त्यावर रेघ ओढत राहायचं. कधी शाई सुकायची, कधी पेन उठायचं, आणि कागदावर फट पडायची. "फट जोडायची नाही," काका सांगायचे. "पेन उठलं तिथं कोरं ठेवायचं. शेजारी कारण लिहायचं, खाली सही. नवा होतो तेव्हा मी एकदा जोडली होती. साहेब येणार म्हणून. छान दिसत होती रेघ... त्या वीस मिनिटांत आत काय झालं ते आजतागायत कुणाला ठाऊक नाही. काही झालं नाही हे नशीब."

मी हे ऐकलं, मान डोलावली, आणि घरी गेले. माझाच प्रोग्राम फटी जोडत होता, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

ते आलं एका सिस्टरबाईंमुळे. चिंचणीच्या पुढं किनाऱ्यावरच्या एका गावात त्या आरोग्य उपकेंद्र सांभाळायच्या. गावाचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. रोज अकरा ते एक गरोदर बायकांना व्हिडिओवरून डॉक्टरांशी बोलायला मिळायचं. काही दिवस नीट चाले, काही दिवस मधेच तुटे. वरून विचारणा झाली, आमच्या कंपनीकडून लाइनीचा तक्ता मागवला गेला, आणि मी काढलेला हिरवागार तक्ता गेला. लाइन उत्तम, म्हणजे बाईच कंटाळून फोन बंद करते, असा अर्थ निघाला. त्यांना लेखी खुलासा मागितला. नोकरी कंत्राटाची, खुलासा पटला नाही तर घरी. त्या आमच्या ऑफिसात आल्या आणि मलाच म्हणाल्या, "आगो पोरी, हो कागद कोणी काडला? त्याला सांग, पोटुशी बाई समोर बसलेली हाय आन् मी फोन कशाला बंद करू?"

मी त्यांना सांगितलं नाही, कागद मी काढला ते. त्यांच्या लाइनीच्या सगळ्या टेस्टची मूळ यादी घेऊन सरळ काकांकडे गेले. यादीत ओळीच्या ओळी रिकाम्या होत्या. ज्या टेस्टला उत्तरच आलं नाही ती माझा प्रोग्राम टाकून देत होता आणि उरलेल्यांची सरासरी काढत होता. वर्गातली नापास मुलं घरी पाठवायची आणि निकाल शंभर टक्के लावायचा, तसं. काका रागावले नाहीत. मोठा ग्राफपेपर काढला. एका दिवसाची एक ओळ, अर्ध्या तासाचं एक घर. 'ओ' लवकर आली तर पेन्सिल फिकट, उशीर झाला तर काळी, आलीच नाही तर घर कोरं. तीन संध्याकाळी आम्ही दोघं घरं भरत बसलो. मला काहीच दिसत नव्हतं, नुसती ठिगळं. तिसऱ्या दिवशी काकी कढई उतरवून आल्या, लांबूनच म्हणाल्या, "ही तिरकी वाट कसली गं? शेतातून कुणी गेलंय का?"

मी मागं सरकून पाहिलं... कागदावर काळ्या काठांच्या दोन पांढऱ्या वाटा होत्या, वरून खाली तिरक्या, एकमेकींना समांतर. रोजचा बिघाड आदल्या दिवसापेक्षा थोडा उशिरा. कधी तो अकरा ते एकमध्ये यायचा, कधी निसटून जायचा. सरासरीत तो विरघळून गेला असता आणि कधीच दिसला नसता. का, ते मात्र आम्हाला दोघांना कळेना. एक घाटावरचा, एक डोंगरातली.

दुसऱ्या दिवशी काका माझ्याबरोबर बसनं चिंचणीला आले आणि पुढं उपकेंद्रात. सिस्टरबाईंनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि हसायलाच लागल्या. "ही तं भरती हाय! आमच्या घरात होड्या हायत, रोज अशीच पावून तास फुडं सरकते. दिवसातून दोनदा. आन् तुमची ती थाळी खाडीवरूनच बघते ना?" खरंच, आमची डिश खाडीपलीकडच्या टॉवरकडं तोंड करून होती. पाणी चढलं की त्यावर आपटून परतलेला सिग्नल मूळ सिग्नलला खायचा. काका किती वेळ खाडीकडं बघत उभे राहिले. तीस वर्षं कोसावर राहून त्यांनी समुद्र काही फार बघितला नव्हता. म्हणाले, "कल्पना, आपण चंद्र काढला की गं, पेन्सिलीनं." मी बी.एस्सी. आहे, पण विद्या म्हणजे काय ते मी त्या उपकेंद्राच्या पायरीवर पाहिलं.

डिश रस्त्याकडच्या टॉवरकडं वळवायचं ठरवणं सोपं होतं. वर पाठवायच्या नव्या कागदाखाली काय लिहायचं ते अवघड. मी लिहिलं, 'तांत्रिक कारण'. काकांनी वाचलं. "हे कारण नाही, झाकण आहे."

"नोकरी गेली तर काका? घरात मी एकटी कमावते."

त्यांनी पेन्सिल माझ्यापुढं ठेवली. "काय लिहायचं ते मी सांगणार नाही. पण सिस्टरची पण एकच नोकरी आहे."

मी खोडलं आणि लिहिलं: 'उत्तर न आलेल्या टेस्ट मी मोजल्या नव्हत्या. आधीचे तक्ते चुकीचे आहेत.' खाली सही केली, आडनावासकट पूर्ण. मॅनेजरसाहेब दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "यापुढं तक्ते असेच काढ." सिस्टरबाईंचा खुलासा मिटला. त्यांनी काकांना सुक्या बोंबलांची पिशवी पाठवली. काकी माळकरी, त्यांनी नाक धरून ती शेजारी दिली, आणि काका आठवडाभर शेजाऱ्यांच्या दारावरून रेंगाळत जायचे.

परवा मी त्यांच्या घरी गेले. भिंतीवर काकांचा घरच्या लाइनीचा ग्राफपेपर. शेवटचा ठिपका संध्याकाळच्या सातचा, पेन्सिलीचं टोक नीट करून दिलेला. मग कोरं... तेरा दिवस कोरं. आणि त्यापुढं पुन्हा ठिपके होते, मोठे, थोडे थरथरलेले, एक तर रेघेवर बसलेला.

"मला ते मिलिसेकंद कळत नाही बाई," काकी म्हणाल्या. "आकडा दिसतो तिथं टेकवते. मधलं मी भरलं नाही हं. मुलगा म्हणत होता मशीनमध्ये निघतील मागचे आकडे, भरून टाकू. मी हात लावू दिला नाही. पण खाली कारण नाही आणि सही नाही. मला सुचेना. तू लिही."

मी त्यांच्या टेबलावरची पेन्सिल घेतली. कोऱ्या जागेच्या कडेला लिहिलं, 'लाइन चालू होती. रीडिंग घेणारे गेले.' खाली सही केली, पूर्ण.

काकींनी हातभर अंतरावरून वाचलं, मान हलवली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, पदरानं चष्मा पुसला आणि मला म्हणाल्या, "सरक जरा, सात वाजले."