हिंगवाल्याचा प्रश्न

जठारपेठेतला तो हिंगवाला चिमूटभर हिंग अंगठ्यावर चोळून आधी स्वतः हुंगायचा. पुडी बांधताना दरवेळी विचारायचा, "घरात कोणाले काही पथ्य तं नाही ना, बाई?"

"नाही हो, द्या लवकर," म्हणायचे मी. नसत्या चौकशा!

पुढे लेकीला गव्हाची ॲलर्जी निघाली. डॉक्टरांनी गहू बंद केला, तरी तिच्या अंगावर गांधी उठतच राहिल्या. चोरून पोळी खातेस म्हणून मी तिला थापड मारली.

परवा ती सोबत होती. तिचे हात पाहून त्याने विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं. त्याने बांधलेली पुडी परत सोडली.

"या हिंगात गव्हाचं पीठ राहते, बाई. म्हणून तं इचारत होतो."

लेक त्याला म्हणाली, "काका, आईले सांगा ना, मी पोळी नव्हती खाल्ली."