हसऱ्या काकू

काकूंनी विद्यापीठात नाव घातलं तेव्हा त्यांची मुलगी नोकरीला लागलेली होती आणि वर्गातली मुलं तिच्याहूनही लहान होती. म्हणून पहिल्याच दिवशी त्या सगळ्यांच्या काकू झाल्या.

सासऱ्यांची नजर गेली तेव्हापासून रोज सकाळी काकू त्यांना पेपर वाचून दाखवायच्या. अग्रलेखापासून निविदांपर्यंत, सगळा. सासरे फारसे बोलणारे नव्हते. पण एकदा म्हणाले होते, "सूनबाई, तू बातम्या द्यायला हवी होतीस." ते गेले, घरात सकाळी करण्यासारखं काही उरलं नाही, आणि काकूंनी माध्यम आणि संवाद या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. नवरा म्हणाला, "हौस आहे तर कर. पण घरातलं अडायला नको."

बातम्यांचं पहिलं प्रात्यक्षिक होतं. स्टुडिओ म्हणजे तळमजल्यावरची काळे पडदे लावलेली खोली आणि काचेपलीकडे यंत्रांची खोली. काकूंनी घरी आरशासमोर तयारी केली होती. कानात बारीक यंत्र बसवलं होतं, त्यातून पलीकडचा मुलगा सूचना देणार होता. तो वर्गातला हुशार, त्याला सगळे बॉस म्हणायचे.

बस उलटून माणसं गेल्याची बातमी होती. काकूंनी सुरुवात केली आणि कानात आवाज आला, "काकू, चेहरा पडलाय. हसा." त्या जरा हसल्या. "अजून. दात दिसू देत." सूचना पाळायची असते असं शिकवलं होतं, त्यांनी पाळली. मृतांचा आकडा वाचताना काकू तोंडभर हसत होत्या. काचेपलीकडे मुलं पोट धरून खाली बसली होती, ती त्यांना दिसली नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या चित्रणाचा तुकडा प्रत्येकाच्या फोनवर होता. आठवड्यात तो मुलीच्या ऑफिसात पोचला. ती घरी आली ती पर्स खुर्चीवर आपटूनच. "आई, लोक मला विचारतायत, या तुझ्या कोण? मी सांगितलं, ओळखत नाही."

काकू सरांकडे गेल्या. सरांनी ऐकून घेतलं, आणि पुढच्या तासाला तोच तुकडा पडद्यावर लावला. काकू दुसऱ्या बाकावर बसल्या होत्या.

"चूक कोणाची?" सरांनी विचारलं.

"वाचणाऱ्याची," मागून कोणीतरी म्हणालं.

"बरोबर. कानात काय सांगितलं ते प्रेक्षकाला ऐकू येत नाही. त्याला तुमचा चेहरा दिसतो."

तेव्हा काकूंच्या शेजारची मुलगी उभी राहिली. ती इतकी कमी बोलायची की तिला मुकी म्हणत. "सर, हसायला यांना बॉसने सांगितलं. मी तिथे होते." वर्ग हसला. सर म्हणाले, "बस खाली." त्यानंतर बॉसच्या टोळक्याने तिलाही वाळीत टाकलं.

मग त्या दोघीच एकत्र डबा खायला लागल्या. वसतिगृहात मुकीला ताप आला तेव्हा काकू उशाशी बसल्या. तिने त्यांना आपल्या भावाबद्दल सांगितलं. तो लहानपणी पोहण्याच्या तलावात बुडाला होता.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक माहितीपट करायचा होता. काकूंचे दोन विषय सरांनी परत केले. "यात काही घडतच नाही. रडणारं माणूस आणा." काकूंनी मुकीला विचारलं. ती म्हणाली, "त्याच्याबद्दल बोलेन. पण त्या दिवसाबद्दल नाही."

तिच्या खोलीत खिडकीजवळ काकूंनी कॅमेरा लावला. भावाचा खोडकरपणा, त्याची सायकल, सगळं झालं. काकू म्हणाल्या, "दमलीस. बंद करते, पाणी पी." त्यांनी बटणावर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. चालू असल्याचा लाल दिवा त्यांनी आधीच काळ्या पट्टीने झाकला होता. मग तिच्याजवळ बसून, पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "मनात किती दिवस ठेवशील गं?"

आणि ती बोलली. त्या दिवशी आईने भावाला तिच्यावर सोपवलं होतं. ती मैत्रिणीशी फोनवर बोलत बाहेर गेली होती. घरी मात्र तिने सांगितलं होतं की ती तिथेच होती, तोच हात सोडून पळाला.

माहितीपट विभागाच्या सभागृहात दाखवला गेला. मुलांच्या पालकांना बोलावलं होतं. मुकीचे आईवडील पहिल्या रांगेत होते. पडद्यावर मुलगी ते सांगायला लागली तशी आई उठली आणि कोणाकडे न बघता बाहेर गेली. संपल्यावर सभागृहाने टाळ्या वाजवल्या. वडीलही वाजवत होते. बाकीचे थांबले तरी त्यांचे हात चालूच होते, शेवटी शेजारच्या माणसाने ते धरले.

जिन्यात मुकीने काकूंना गाठलं. "तुम्ही तर कॅमेरा बंद करते म्हणालात."

"किती खरं बोललीस, बघ," काकू म्हणाल्या. "ते वाया घालवायचं होतं का?"

मुकी परीक्षेला आली नाही. तिची आई तिच्याशी बोलत नाही, एवढंच नंतर वर्गात कळलं. काकू पहिल्या आल्या.

मुलीने माहितीपट पाहिला होता. "आई, हे तू बरं नाही केलंस."

"तेव्हाही तुला माझी लाज वाटली होती," काकू शांतपणे म्हणाल्या. "आता निदान कामासाठी वाटू दे."

त्यांना एका वाहिनीत नोकरी लागली. पडद्यावर त्या कधी दिसल्या नाहीत, पण जिथे कोणी गेलं असेल त्या घरी त्यांनाच पाठवतात. तरुण वार्ताहरांना बघून लोक दार लावून घेतात. काकूंना आत घेतात, बसायला खुर्ची देतात.

परवा एका घरी गच्चीवरून पडलेल्या मुलाचा बाप भिंतीला टेकून बसला होता. काकू त्याच्याजवळ जमिनीवर बसल्या, त्याचा हात हातात घेतला.

"बोला दादा," त्या म्हणाल्या, "मी ऐकतेय." आणि दुसरा हात पाठीमागे नेऊन त्यांनी कॅमेरावाल्याला आणखी पुढे यायची खूण केली.