आवाज न येणारी खोली

गल्लीत तिला सगळे टापटीपबाई म्हणायचे, आधी थट्टेनं, मग सवयीनं. नवऱ्याचं अर्धं अंग लुळं पडलं, घरात येणारा पगार थांबला, तेव्हा परगावच्या लेकीनं सुचवलं, "आई, पुढची खोली पाहुण्यांना भाड्यानं दे. खोल्यांच्या ॲपवर मी टाकते." तेव्हापासून घरातली उजेडाची खोली पाहुण्यांची झाली आणि नवरा-बायको स्वयंपाकघरामागच्या अडगळीत सरकले.

खोली चालली. चादरीला सुरकुती नाही, फरशीवर डाग नाही. कुणाचा निरोप आला की बाई पिठाच्या हातानंच उत्तर द्यायची. दर तीन महिन्यांनी ॲप सगळं तपासायचं: पाहुण्यांनी तारे किती दिले, उत्तरं वेळेवर गेली का, घेतलेलं बुकिंग मोडलं तर नाही ना. त्यात उतरलं की नावापुढे 'उत्तम यजमान' असा बिल्ला. बिल्ला असला की खोली यादीत वर. नसला की कुठेतरी तळाला, कुणाच्या नजरेसही पडायची नाही. बाईला तो मिळाला तेव्हा ती फोनवर लेकीशी बोलताना लहान पोरीसारखी हसली होती.

मग एका पाहुणीनं लिहिलं, 'खोली छान, पण आतून कुणीतरी कण्हतं. भीती वाटली.' तारे पाचांपैकी तीनच.

बाईच्या तोंडचं पाणी पळालं. आणखी एक असा शेरा, की बिल्ला गेलाच. ती नवऱ्याच्या उशाशी जाऊन बसली. पांघरुणाची घडी पुन्हा पुन्हा सारखी करू लागली.

"बोल की," तो म्हणाला.

"पाहुणे असतील तेव्हा... जरा हळू कण्हाल का?"

तो जन्मभर बस चालवलेला माणूस, आवाज खणखणीत. "इतकी वर्षं बसमधल्यांना मी गप्प केलं," तो म्हणाला, "आता माझी पाळी." आणि हसला. तिला मात्र हसू आलं नाही.

तेव्हापासून पाहुणा घरात असला की तो टॉवेलचं टोक दातांत धरायचा.

तपासणी तोंडावर आली आणि नेमका त्याला ताप भरला. येणाऱ्या पाहुण्याला नाही म्हणावं, असं बाईच्या शंभरदा मनात आलं. पण बुकिंग मोडलं तरी बिल्ला जाणारच होता. पाहुणा आला. औषधांच्या कंपनीतला, शांत, तरुण. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई अंगणात चादरी वाळत घालून आत आली, तर नवरा खाट आणि भिंतीच्या मध्ये पडलेला. तोंडात टॉवेल, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"अहो, हाक नाही का मारायची!"

त्यानं टॉवेल काढला. "पाहुणा आहे ना घरात."

तिला एकटीला तो उचलेना. शेवटी तिनं पुढच्या खोलीचं दार बडवलं. पाहुणा तसाच धावला. त्यानं म्हाताऱ्याला अलगद उचललं, डॉक्टरला बोलावलं, दुपारपर्यंत उशाशी बसला. जाताना बाईच्या पाया पडला. तिला वाटलं, देवमाणूस भेटला.

त्यानं लिहिलं, 'बाई फार कष्टाळू. पण घरात इतका आजारी माणूस लपवून ठेवलाय, हे पाहून मला इथे राहवेना.' दोन तारे.

बाईनं त्याला फोन लावला, रडली, विनवण्या केल्या.

"काकू, यातलं खोटं काय आहे, सांगा. तेवढं काढतो."

तिनं फोन ठेवला.

बिल्ला गेला. खोली रिकामी राहू लागली. मग एका दुपारी बाईनं नवऱ्याला ओढत, सावरत पुढच्या खोलीत आणलं, पाहुण्यांच्या पांढऱ्या चादरीवर निजवलं. खिडकीतून ऊन त्याच्या तोंडावर आलं. तो डोळे मिटून पडून राहिला, कण्हला, मोकळेपणानं कण्हला.

आठवडाभरानं ॲपवर निरोप आला. संध्याकाळी कुणाला तरी खोली हवी होती. बाई फोन हातात धरून उभीच राहिली. औषधाची बाटली सकाळीच संपली होती.

"कोण येतंय?" त्यानं विचारलं.

तिनं आधी 'हो' पाठवलं. मग त्याच्या काखेत हात घातला. "उठता का जरा?"