पहिला नंबर कुणाचा?

नेटवर्कवाल्यांकडे किस्से आपोआप साठतात, कारण आमच्या खोलीत कुणी आनंदाने येतच नाही! जो येतो तो तणतणत येतो. आमची महाळुंग्याची कंपनी गाड्यांच्या सीट बनवते. नेटवर्कला आम्ही तिघं: आमचे हेड पिंपरीचे कांबळे सर, इथलेच गावचे दत्ताभाऊ आणि मी.

*

काम तसं साधं. चिंचवडचं ऑफिस ते प्लान्ट, डेटाची लाइन एकच. ती भरली की राउटरपाशी पॅकेटांची, म्हणजे डेटाच्या तुकड्यांची, गर्दी होते. मग ज्या पॅकेटवर वरचा मार्क, ते आधी सुटतं. कुणाला कुठला मार्क, ते आम्ही ठरवायचं. हे कुणीतरी जेवताना बोललं आणि आमच्या डोक्याला ताप सुरू झाला! एचआरच्या मॅडम आल्या. "आमच्या ट्रेनिंग व्हिडिओला पहिला नंबर द्या." पर्चेसवाले आले. "आमचं सगळंच अर्जंट असतं हो!" कॅन्टीनचा कॉन्ट्रॅक्टरसुद्धा आला, मेन्यू दाखवायच्या स्क्रीनसाठी!

कांबळे सर म्हणाले, "सगळेच पहिल्या पंगतीला बसले, तर वाढायचं कुणी?"

*

खरा मान एकाच गोष्टीचा होता. पुढची गाडी कुठली, तिला सीट कुठल्या रंगाची, हा कार कंपनीचा मेसेज त्याच लाइनवरून येतो. त्याची चिठ्ठी प्रिंट झाली की त्याच क्रमाने सीट ट्रकमध्ये. मेसेज उशिरा आला की कार कंपनीचं अख्खं काम थांबतं. असं दोनदा झालं होतं. त्यांनी निक्षून सांगितलं, "आता टेस्ट घेणार. नापास झालात तर अर्धी ऑर्डर काढून घेऊ."

अर्धी ऑर्डर म्हणजे आमची दुसरी शिफ्ट बंद. दत्ताभाऊंचा धाकटा भाऊ त्याच शिफ्टला.

"ताई, त्याचं लगीन ठरलंय," एवढंच ते म्हणाले.

*

त्यातच प्लान्ट हेड साहेबांचा हुकूम. "माझ्या लॅपटॉपला सगळ्यात वरचा मार्क!" आम्ही दिला. अहो, लॅपटॉपला दिला म्हणजे त्यावर जे काही येईल त्याला दिला! दुसऱ्याच दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये क्रिकेटची मॅच एकदम झकास, आणि खाली ट्रक चिठ्ठीची वाट बघत उभा! ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारतोय.

दत्ताभाऊ खिडकीतून बघून म्हणाले, "तिकडं इकेट पडली का न्हाई म्हाईत न्हाई, आपली मातर पडतीय!"

त्या दिवशी अगदी थोडक्यात वाचलो.

*

टेस्टला कार कंपनीच्या एक मॅडम आमच्याच खोलीत येऊन बसल्या, चिठ्ठीचा प्रिंटरही तिथेच आणला. त्या लाइन मुद्दाम गच्च भरणार, आणि तरी चिठ्ठी वेळेत यायला हवी. नेमका तेव्हाच साहेबांचा परदेशातल्या मालकांबरोबर व्हिडिओ कॉल! कांबळे सरांनी कुणालाही न विचारता साहेबांच्या लॅपटॉपचा मार्क काढून टाकला.

"सर, नोकरी जाईल!"

"एकाचीच जाईल," ते म्हणाले.

लाइन भरली. थोड्याच वेळात दार धाडकन उघडलं आणि साहेब आत. "माझा चेहरा तिकडे अडकलाय! तोंड उघडं! आत्ताच्या आत्ता मार्क लाव!"

"टेस्ट संपली की लावतो, साहेब," कांबळे सर म्हणाले.

साहेब स्वतःच कीबोर्डकडे निघाले. दत्ताभाऊ मधे जाऊन उभे राहिले.

तेवढ्यात प्रिंटर खडखडला. मॅडमनी चिठ्ठी फाडून घेतली, वेळ पाहिली. "पास."

दत्ताभाऊंनी तिथूनच भावाला फोन लावला. "न्हाई रं, बंद न्हाई. शिफ्ट हाय. ये तू."

साहेबांनी मॅडमच्या हातातली चिठ्ठी वाकून पाहिली. मग हळूच म्हणाले, "आता मी कितव्या नंबरवर?"

"कॅन्टीनच्या मेन्यूच्या वर," कांबळे सर म्हणाले.

साहेबांनी खुर्ची ओढली आणि बसले. "जरा वर, की बराच वर?"