कम्पॅनियन शब्दातली भाकरी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण राहू द्या.

शहापूरकडच्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवतो. शब्दांची मुळं खणायची मला भारी खोड. पोरं मागून ‘मूळव्याध सर’ म्हणतात. म्हणोत. कम्पॅनियन हा माझा लाडका शब्द. मूळ लॅटिन — ‘कॉम’ म्हणजे सोबत, ‘पानिस’ म्हणजे भाकरी. ज्याच्यासोबत भाकरी खाल्ली, तो कम्पॅनियन. दरवर्षी हे फळ्यावर लिहितो, आणि दरवर्षी घाईने पुसून टाकतो.

मुरबाडला डी.एड. करताना बुधा माझा सोबती होता. डोळखांबकडच्या आदिवासी वाडीतला, जमीन नाही, आईबाप वीटभट्टीवर. माझी खानावळ रविवारी बंद असायची. मग बुधा आमच्या खोलीवर नाचणीची भाकरी भाजायचा, आणि मोठा वाटा माझ्याकडे सरकवायचा. दोन वर्षं मी तो खाल्ला.

बहिणीच्या हळदीला त्याला मीच बोलावलं. भर उन्हात सापगावला आमच्या घरी पोचला, घामाघूम. पंगत बसलेली. माझ्या शेजारी जागा होती. तो बसायला वाकला — आणि काकांनी विचारलं, “कुठल्या वाडीचा रे ह्यो?”

आमच्याकडे वाडीवरची माणसं शेवटी जेवतात, मागच्या अंगणात. हे मला ठाऊक नव्हतं? मग काय समजून बोलावलं होतं मी त्याला?

मी म्हणालो, “तो जेवून आलाय, काका.”

एवढंच. मला कुणी दरडावलं नव्हतं. काकांनी नुसतं विचारलं होतं.

बुधाने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “हां काका, जेवूनच आलोय मी.” पाण्याचा जग उचलला आणि पंगतीला पाणी वाढू लागला. माझ्या पेल्यातही ओतलं. मी जेवलो. भात दोनदा घेतला. त्या भाताची मला आजही लाज वाटते.

पुढच्या रविवारी त्याने नेहमीसारखी भाकरी केली. मी खाल्ली. तेव्हाही काही बोललो नाही — नंतरही नाही.

यंदा त्याची मुलगी माझ्या वर्गात आहे. कम्पॅनियन शब्द वाक्यात वापरा, असा गृहपाठ दिला होता. तिने वहीत इंग्रजीत लिहिलं होतं — माझ्या बाबांचे कम्पॅनियन म्हणजे आमचे सर.

वाक्यात एकही चूक नव्हती. मी लाल पेनाने बरोबरची खूण केली आणि पुढची वही घेतली.